पेटीवरची गोधडी

आमच्या चर्चमधले किस्से बहुतेक दफनानंतरच्या चहाला निघतात. कब्रस्तानातून परत यायचं, नळावर हातपाय धुवायचे, मागच्या हॉलमध्ये बाकांवर टेकायचं. बशीत चहा ओतता ओतता कुणीतरी म्हणतंच, "सर, तो गोधडीचा सांगा ना!" एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा येतो. दर दफनाला एखादा किस्सा वाढतो आणि सांगणारा एक जण कमी होतो. आता जुन्यांपैकी मीच उरलोय असं दिसतं, आणि माझ्या स्मरणशक्तीवर माझा स्वतःचाच फारसा भरवसा नाही. काही चुकलं तर मला तिथल्या तिथे टोका. मी मनाला लावून घेईन, पण टोका.

तर हे नाशिकचं, शरणपूरच्या बाजूचं. काळ सत्तर सालानंतरचा, पुढची पंधरा-सोळा वर्षं धरा. चर्चच्या मागच्या कौलारू हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी बायका गोधड्या शिवायला बसत. जुनी लुगडी, शर्ट, धोतरं यांचीच गोधडी, पण मधल्या चौकोनात क्रूस, कोकरू, नाहीतर शास्त्रातलं एखादं वचन. बाप्तिस्म्याच्या बाळासाठी छोटी, लग्नासाठी दुहेरी, आणि तिसरी पेटीवरची.

पेटीवरची गोधडी प्रत्येक बाई स्वतःसाठी शिवायची, चांगली धडधाकट असतानाच. ती गेली की गोधडी शवपेटीवर घालायची. पेटी खाली सोडण्याआधी पाळकसाहेब ती उचलणार, मधलं वचन मोठ्यानं वाचणार, सगळे "आमेन" म्हणणार, आणि मग गोधडी मागे राहिलेल्याच्या खांद्यांवर घालणार. ती त्यानं पुढे जन्मभर पांघरायची. हा रिवाज कुणी सुरू केला ते मला सापडलं नाही. शोधलं मात्र पुष्कळ. मला शोधायची खोडच आहे.

माझी बायको सुमन या बायकांची पुढारी. तिच्या स्वतःच्या पेटीवरच्या गोधडीचे काठ, कोपरे, सगळं शिवून झालं होतं. फक्त मधला चौकोन कोरा होता, कारण तिथलं वचन निवडायचं तिनं माझ्यावर सोपवलं होतं.

"तुम्ही तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. आणि पांघरायची तुम्हालाच आहे."

"कशावरून? मी आधी गेलो तर?"

"तुम्ही? तुमचं तर जायचं की नाही हेच ठरायला वेळ लागेल!"

बायका हसल्या. मीही हसलो. पण मला आतून धास्ती बसली. मी कॉलेजात शिकवायचो, रविवारी चर्चला जायचो, आणि या दोन्ही ठिकाणी मी जे बोलतो त्यावर माझा कितपत विश्वास आहे, हे मला नीट सांगता आलं नसतं. उद्या त्या वचनाला सगळ्यांच्या देखत आमेन म्हणायची पाळी माझ्यावर येणार. जे पूर्ण पटलेलं नाही त्याला आमेन म्हणायला माझी जीभ वळत नाही. तेव्हाही वळत नव्हती.

*

मी त्या गुरुवारच्या बैठकीत शिरलो कसा? अक्षरामुळे. माझं हस्ताक्षर बरं होतं. सुमन म्हणाली, "तुमच्या पीएचडीचा घरात काही उपयोग नाही. अक्षराचा तरी होऊ द्या!"

म्हणून मी शिंप्याच्या खडूनं कापडावर वचन काढायचं आणि बायकांनी त्यावर टाके घालायचे. तिथे पहिल्याच दिवशी माझी राहेलमावशीशी गाठ पडली. मावशी मूळची दिंडोरीकडची, शहरात चार घरी स्वयंपाकाला जायची. टाके मोठे, जीभ त्याहून मोठी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी काढलेल्या ओळीवर तिनं आधी डावीकडून उजवीकडे नुसती वरची रेघच शिवत नेली.

मी अस्वस्थ झालो. "मावशी, आधी अक्षर शिवतात. रेघ शेवटी."

मावशीनं वर न बघता सांगितलं, "सर, आधी दोरी तर बांधू द्या, मग कपडे वाळत घालू!"

त्या दिवसापासून मला आमच्या लिपीत ओल्या कपड्यांशिवाय काही दिसत नाही.

*

दुष्काळ नुकताच सरला होता. कापणीच्या सणाला वेदीमागे लावायला मोठी गोधडी करायचं ठरलं. वचन मेंढपाळाच्या स्तोत्रातलं. देव माझा मेंढपाळ, मला काही कमी पडणार नाही, असा त्याचा अर्थ. मी भक्तीनं म्हणा किंवा अंदाज चुकून म्हणा, पहिली अक्षरं टपोरी काढली. पुढे पुढे ती बारीक करत गेलो. तरी शेवटचा "नाही" बसेना.

राहेलमावशीनं गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काही कमी पडणार नाही म्हणता, आणि कापडच कमी पडलं!"

काठ जोडून "नाही" पुढच्या गुरुवारी शिवू, असं ठरलं. पण मध्ये रविवार आला. कुणीतरी उत्साहानं गोधडी तशीच टांगली. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. वर बघतो तर काय! देव माझा मेंढपाळ, मला काही कमी पडणार! उपदेश काय झाला मला माहीत नाही. सुमनला कोपरानं ढोसलं, तर ती कुजबुजली, "गप्प बसा. कुणी वाचत नाही."

सण संपेपर्यंत ती तशीच राहिली. शेवटी मलाच राहवेना. कमिटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून मी झाला प्रकार सांगितला, अर्थ कसा उलटा होतो तेही सविस्तर समजावलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या बाकावर एक विधवा बाई बसायच्या. त्या वर्षी त्यांची दोन्ही जनावरं गेली होती आणि पाठोपाठ धाकटा मुलगा.

त्या म्हणाल्या, "असू द्या हो, सर. मला वाटलं, यंदा खरं लिहिलंय."

*

बारा शिष्यांची गोधडी हा आमचा सगळ्यात मोठा घाट. बारा चौकोन, बारा घरांतलं कापड. पेत्रासाठी सगळेच पुढे. योहानावरून दोन जावांत अबोला झाला, तो पुढे बरीच वर्षं टिकला. आणि यहूदासाठी कुणी चिंधीसुद्धा देईना. ज्यानं प्रभूला धरून दिलं त्याच्या चौकोनाला आपल्या घरचं कापड कोण देणार?

मला विचारलं. मी म्हटलं, यहूदाला वगळता येईल, पण वगळणं योग्य ठरेल का? क्षमेचा विचार केला तर तो हवा. न्यायाचा विचार केला तर नको. मी बराच वेळ बोललो असणार, कारण मध्ये चहा येऊन गेला.

सुमननं मला थांबवलं. "अहो, अकरा चौकोनांची गोधडी होत नाही. तीन ओळी, प्रत्येकीत चार. एक कमी झाला तर भोक पडेल."

तेव्हा राहेलमावशीनं पिशवीतून एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट काढला. तिचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर मुंबईला निघून गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हा घ्या. गेला तेव्हा दांडीवर वाळत राहिला होता. घरात होता तोवर कधी देवळात आला नाही, आता येईल!"

हॉलमध्ये एवढं हसू झालं की रस्त्यावरचा भाजीवाला डोकावून गेला.

तो चौकोन मावशीनं कुणाला हात लावू दिला नाही. मी नंतर जवळून पाहिला. बाकी चौकोनांत तिचे टाके बोटाच्या पेराएवढे. त्या एका चौकोनात तांदळाएवढे.

*

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास नवे पाळकसाहेब आले. तरुण, इस्त्रीचा पांढरा शर्ट, सगळं नियमानं. त्यांना कळलं की बायका गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. याला घास म्हणतात. आमच्याकडे सगळ्याच जातीधर्मांच्या बायका ठेवतात. गोधडी उपाशी असली तर पांघरणाराला ऊब लागत नाही, अशी समजूत.

पाळकसाहेब म्हणाले, "ही अंधश्रद्धा आहे. सर, तुमचं मत?"

मी म्हटलं, "एका बाजूनं पाहिलं तर आहे. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर ती एक प्रतीकात्मक..."

"सर," राहेलमावशी म्हणाली, "तुम्ही मध्येच उभे राहता, दोन्हीकडची ऊन-हवा अडते!" मग तिनं पाळकसाहेबांकडे मोहरा वळवला. "साहेब, प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो ना? मग हिनं का मागू नये?"

पाळकसाहेबांनी घास बंद केला. बायकांनी निमूटपणे ऐकलं. मला वाटतं, बायकांनी इतकं निमूट ऐकलं तिथेच पाळकसाहेबांना शंका यायला हवी होती.

गोधड्या हॉलमधल्या कपाटात असायच्या. तिथले उंदीर जुने, मुरलेले. पूर्वी ते नेमका कोपरा कुरतडायचे, घास खायचे आणि निघून जायचे. कोपरा पुन्हा शिवला की काम भागायचं. त्या हिवाळ्यात पाळकसाहेबांना मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्यासाठी केलेली गोधडी बाहेर काढली, तर तिच्या चिंध्या! घास कुठे आहे ते शोधत उंदरांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली होती.

पाळकसाहेबांनी चिंध्या गोळा केल्या आणि घरी नेल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांच्या घरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक भाकरी आली. निरोप काही नव्हता.

*

एका हिवाळ्यात सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर गोधड्या वाटायला गेलो. उसन्या मिळालेल्या जीपमध्ये पाळकसाहेब, सुमन, मी आणि गोधड्यांचे गठ्ठे. डोंगरातली थंडी, कुडाच्या झोपड्या. प्रत्येक गोधडीवर लाल क्रूस. मला वाटेभर एकच प्रश्न छळत होता. आपण यांना पांघरूण देतोय की क्रूस? मी तो सुमनला विचारला.

ती म्हणाली, "तुम्हाला थंडी वाजतेय का? मग मफलर बांधा आणि गप्प बसा."

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. एकाही घरात कुणाच्या अंगावर आमची गोधडी दिसेना. पाळकसाहेबांचं तोंड उतरलं. आणि मग शेवटच्या झोपडीला आमची गोधडी दाराच्या जागी टांगलेली! क्रूस बरोबर मध्यावर, बाहेर तोंड करून. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. आत एक म्हातारी नागलीची भाकर भाजत बसली होती.

त्यांनी हळूच विचारलं, "आजी, हा क्रूस दाराला लावल्यापासून काही फरक पडला?"

"लय पडला! वारा अजिबात येत नाय."

"क्रूसामुळं?"

म्हातारीनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाय रं बाबा. गोधडी जाड हाय!"

परतीच्या वाटेवर सुमन इतकी हसली की तिला ठसका लागला. तो ठसका नंतर थांबला नाही. सुरुवात तिथूनच झाली असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण तिचं ते हसू आठवलं की मला अजून तो ठसकाच ऐकू येतो.

*

मधल्या सगळ्या वर्षांत सुमनच्या गोधडीचा मधला चौकोन कोराच होता. मी वचनं सुचवत नव्हतो असं नाही. सुचवायचो आणि मीच मागे घ्यायचो. मेंढपाळाचं फार वापरलेलं. पुनरुत्थानाचं फार मोठं, एवढं ठामपणे म्हणणारा मी कोण? दुःख सोसणाऱ्या ईयोबाचं फार काळं. प्रीतीचं लग्नाच्या गोधड्यांवर असायचं.

सुमनला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा बायकांनी गुरुवारची बैठक वॉर्डातच हलवली. नर्स ओरडली, तर राहेलमावशीनं तिच्याही हातात सुई दिली. मी रोज संध्याकाळी खाटेजवळच्या स्टुलावर बसून एकेक वचन म्हणून दाखवायचो. सुमन डोळे मिटून ऐकायची.

"हे चांगलं आहे," ती म्हणायची. "पण तुम्हाला पटतं का?"

"तोच तर प्रश्न आहे."

"मग दुसरं बघा."

एकदा मी चिडलो. "तूच निवड ना! तुझी गोधडी आहे."

"माझी कसली? मी खाली असणार. वर तुम्ही."

समोरच्या खाटेवरची बाई कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग एका संध्याकाळी मी नवं वचन घेऊन गेलो. वाटेत त्याच्या दोन्ही बाजू तपासल्या होत्या आणि या खेपेला ते टिकेल असं मला वाटत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमननं माझ्या हातावर हात ठेवला. तो फार हलका झाला होता.

"आता राहू द्या," ती म्हणाली. "मी बघते."

त्यानंतर मी वॉर्डात शिरलो की राहेलमावशी मांडीवरचं कापड घाईघाईनं चादरीखाली सारायची. मी विचारायचो, "कुठलं घेतलं?" दोघी विषय बदलायच्या. मला इतकंच कळलं की खडूनं अक्षरं सुमन स्वतः काढतेय. तिचा हात कापायचा, त्यामुळे एकेका अक्षराला वेळ लागायचा. मी घरी बसून अंदाज करायचो. पुनरुत्थानाचंच असणार. तिचा त्यावर विश्वास होता. अगदी साधा, भाकरीवर असावा तसा. आणि मी तिच्या पेटीजवळ उभा राहून काय करणार? गप्प राहिलो तर तिचा अपमान. आमेन म्हणालो तर तिच्याशीच खोटं. तिच्या आजारपणात मला दुसरंही सुचायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला हेच सुचत होतं.

*

सुमन शहाऐंशीत गेली, थंडीच्या दिवसांत.

कब्रस्तानात सकाळचं ऊन होतं. पेटीवर गोधडी घातलेली होती, पण मधला चौकोन फुलांनी झाकला होता. मी राहेलमावशीकडे पाहिलं. ती कंपाउंडच्या भिंतीकडे बघत होती. गीत झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेब पेटीजवळ आले. त्यांनी फुलं बाजूला केली आणि नेहमीप्रमाणे गोधडी दोन्ही हातांनी उचलून समोर धरली. तिची पाठ माझ्याकडे होती. मला नुसते टाके दिसत होते.

पाळकसाहेब वाचायला लागले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"राहेलमावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे वचन कुठलं?"

"सुमनबाईंचं."

"शास्त्रातलं नाही हे."

"वाचा, साहेब. बाईंनी निवडलंय."

लोक चुळबुळायला लागले. मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि शास्त्र वाचतात त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचलं,

"यांना, जेवलात का, एवढं, रोज विचारा."

कुणी हसलं नाही. याला आमेन म्हणायचं की नाही हे कुणालाच कळेना. पाळकसाहेबांनाही नाही. ते गोधडी धरून तसेच उभे.

मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आमेन!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.